जुन्या संगणकाला नवा कारभारी

तुमच्या शाळेच्या संगणक-खोलीत एखादा तरी संगणक असा असेल, की ज्याच्यावर कायमचे कापड झाकलेले आहे. विचारले तर उत्तर मिळते, “तो जुना झाला. आता चालत नाही.” धाराशिव असो, परंडा असो की लोहारा, हे दृश्य कोठेही दिसेल. पण ‘चालत नाही’ म्हणजे नेमके काय? बटण दाबले की त्याचा पंखा फिरतो, पडद्यावर उजेड येतो, कळफलकाची बटणेही शाबूत आहेत. मग बिघडले आहे काय?

पुष्कळदा यंत्र बिघडलेले नसते. त्याचा कारभारी बदलण्याची वेळ आलेली असते. हा कारभारी कोण, तो कसा बदलावा आणि बदलण्यापूर्वी त्याची पारख कशी करावी, हे आज आपण पाहू.

कारभारी म्हणजे कोण?

संगणकात प्रोसेसर, स्मृती म्हणजे रॅम, साठवणीची डिस्क, पडदा, कळफलक असे अनेक भाग असतात. कोणत्या कामाला किती स्मृती द्यायची, कोणती फाइल डिस्कवर कोठे ठेवायची, हे सर्व पाहणारी एक मोठी आज्ञावली असते. तिला कार्यप्रणाली म्हणतात. आपल्याकडे बहुतेकांना माहीत असलेली कार्यप्रणाली म्हणजे विंडोज.

विंडोज १० या आवृत्तीला मिळणारा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे तिच्यात सापडणारी नवी भगदाडे बुजवण्याचे नित्याचे काम थांबले. पुढची आवृत्ती विंडोज ११. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. सात-आठ वर्षांपूर्वीच्या अनेक संगणकांत हे नसते. यंत्र धडधाकट आहे, पण जुना रखवालदार निवृत्त झाला आणि नवा या घरात यायला तयार नाही, अशी ही अडचण आहे. संगणक भंगारात घालण्यापूर्वी तिसरा मार्ग तपासून पाहावा. तो मार्ग म्हणजे लिनक्स.

खवा एक, मिठाया अनेक

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प जाहीर केला. कोणालाही वापरता येईल, आतून उघडून पाहता येईल, सुधारता येईल आणि दुसऱ्याला देता येईल अशी कार्यप्रणाली त्यांना घडवायची होती. तिचे बरेचसे भाग तयार झाले, पण यंत्राशी थेट बोलणारा गाभा तयार नव्हता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्‌स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे कळवले. त्यातून जो गाभा तयार झाला, तोच लिनक्स. पुढे जगभरातील हजारो माणसांनी त्यात भर घातली.

नुसत्या गाभ्याने आपले काम भागत नाही. त्याच्यावर खिडक्या, चित्रे, लिहिण्याची व हिशेबाची साधने चढवावी लागतात. अशा तयार संचाला ‘वितरण’ म्हणतात. आपल्या भूम तालुक्याकडचा खवा तुम्हाला ठाऊक आहे. खवा एकच, पण एकजण त्याचा पेढा करतो, दुसरा बर्फी, तिसरा गुलाबजाम. लिनक्सचे तसेच आहे. डेबियन हे १९९३ पासूनचे जुने वितरण. त्याच्या आधारावर २००४ मध्ये उबुंटू निघाले आणि उबुंटूच्या आधारावर २००६ मध्ये लिनक्स मिंट. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवरूनच ‘बॉस’ हे वितरण २००७ मध्ये आणले. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे. बॉसमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

खव्यात साखर किती घालायची हे जसे करणाऱ्याच्या हाती, तसे वितरणात काय ठेवायचे आणि काय वगळायचे हे बनवणाऱ्याच्या हाती असते. म्हणूनच लिनक्स लहान यंत्रावरही बसवता येते. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात-धनगरवाडा येथील छोट्या शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये रॅम होती अवघी २५६ मेगाबाइट आणि साठवण १ गिगाबाइट. आजच्या साध्या मोबाइलहून ती कितीतरी कमी! तरी त्यावर लिनक्सच चालत होते. त्याला मुलांसाठी ‘शुगर’ नावाचा वेगळा चेहरा दिला होता.

बसवण्याआधी पारख

लिनक्सची सर्वांत उपयोगी गोष्ट नवख्याला बहुधा कोणी सांगत नाही. ती अशी, की डिस्कला हात न लावता ते पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. या रीतीला ‘लाइव्ह’ चालवणे म्हणतात. कार्यप्रणाली पेनड्राइव्हवरून वाचली जाते आणि तिचे तात्पुरते काम रॅममध्ये चालते. संगणक बंद केला, की रॅममधले सर्व पुसले जाते आणि जुनी विंडोज जशीच्या तशी राहते. बैल विकत घेण्याआधी तो औताला जुंपून पाहतात ना, तसेच हे.

*साहित्य :* ६४ बिटांचा प्रोसेसर आणि शक्यतो ४ गिगाबाइट रॅम असलेला संगणक. ८ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह (त्यातील सर्व माहिती पुसली जाईल, म्हणून आधी रिकामा करा). इंटरनेट असलेला दुसरा संगणक. आणि शिक्षकांची परवानगी.

*कृती १ : फाइल उतरवणे.* नवख्यांनी लिनक्स मिंटपासून सुरुवात करावी. यंत्र अशक्त असेल तर त्याचाच ‘एक्स्‌एफसीई’ हा हलका प्रकार निवडावा. ही फाइल सुमारे ३ गिगाबाइटची असते. तुमच्या गावात इंटरनेटचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट असेल, तर किती वेळ लागेल? १ बाइट म्हणजे ८ बिट, म्हणून ३ गिगाबाइट म्हणजे सुमारे २४,००० मेगाबिट. भागिले ५ बरोबर ४,८०० सेकंद, म्हणजे ८० मिनिटे. पण हा खर्च एकदाच. ही फाइल दुसऱ्याला देण्यास कायद्याने पूर्ण मोकळीक आहे. तालुक्याच्या गावी एकाने उतरवली, तर पेनड्राइव्हवरून ती दहा शाळांत जाऊ शकते.

*कृती २ : मोजणी जुळवणे.* नळदुर्गचा किल्ला पाहायला सहल नेताना गुरुजी निघताना आणि परतताना मुले मोजतात. फाइलचीही अशीच मोजणी असते. फाइलवर ‘शा-२५६’ ही गणिती रीत चालवली, की ६४ चिन्हांची एक ओळ मिळते. फाइलमधला एक बिट जरी बदलला, तरी ही ओळ पार बदलून जाते. वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावर छापलेली ओळ आणि तुमची ओळ तंतोतंत जुळली तरच पुढे जा. न जुळल्यास फाइल पुन्हा उतरवा. अर्धवट उतरलेली फाइल हे पहिल्या प्रयत्नात फसण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

*कृती ३ : पेनड्राइव्ह तयार करणे.* फाइल नुसती पेनड्राइव्हवर नकलून चालत नाही. संगणक सुरू होताना ठरावीक जागी ठरावीक मजकूर शोधतो. तो तेथे नीट मांडावा लागतो. हे काम ‘बलेना एचर’ किंवा ‘रुफस’ ही मोफत साधने करतात. लिहिण्यासाठी पेनड्राइव्हच निवडला आहे ना, हे दोनदा पाहा.

*कृती ४ : चालवून पाहणे.* पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करा आणि लगेच एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी तुमच्या यंत्राला लागू असलेले बटण दाबत राहा. कोठून सुरू व्हायचे अशी यादी येईल. तीतून पेनड्राइव्ह निवडा. थोड्या वेळात पडद्यावर लिनक्स दिसेल. आता वहीत एक तक्ता करा : वाय-फाय लागते का? आवाज येतो का? पडदा स्पष्ट दिसतो का? शाळेचा प्रिंटर छापतो का? प्रत्येकापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहा. निर्णय या तक्त्यावरून घ्यायचा, कोणाच्या ऐकीव मतावरून नव्हे.

कायमचे बसवताना

येथपर्यंत काहीही बिघडण्याचा धोका नव्हता. येथून पुढे मात्र आहे, म्हणून नीट वाचा.

बसवणारी आज्ञावली तुम्हाला एक प्रश्न विचारते : लिनक्स विंडोजच्या शेजारी ठेवू, की डिस्क पूर्ण पुसून बसवू? दुसरा पर्याय निवडला, की डिस्कवरील सर्व माहिती जाते. शाळेच्या संगणकावर निकालपत्रके असतील, दहावीच्या मुलांची माहिती असेल, एखाद्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या प्रश्नपत्रिका असतील. म्हणून सर्व आवश्यक फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि त्या दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडतात का, हे पाहा. नक्कल केली एवढ्यावर समाधान मानू नका.

शेजारी ठेवायचे असेल तर लिनक्ससाठी निदान २० गिगाबाइट मोकळी जागा हवी. अधिक असेल तर उत्तम. विंडोजमधली ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आधी बंद करा, कारण ती चालू असताना विंडोज पूर्ण बंद न होता डिस्क अर्धवट धरून ठेवते. डिस्कला ‘बिटलॉकर’चे कुलूप असेल, तर त्याची परतीची किल्ली लिहून ठेवा. आणि वीज! काम चालू असताना वीज गेली, तर डिस्क अर्धवट अवस्थेत राहू शकते. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी. मेजावरचा संगणक असेल तर यूपीएस जोडावा.

काही अडचणी येतील, त्या आधीच सांगून ठेवतो. केवळ विंडोजसाठी केलेली काही साधने लिनक्सवर चालत नाहीत. काही प्रिंटर अडून बसतात. युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मराठी फाइली, तो फॉन्ट नसेल तर, अगम्य चिन्हांसारख्या दिसतात. शाळेचे एखादे महत्त्वाचे काम अशा साधनावर अवलंबून असेल, तर एक संगणक त्यासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

नव्या घरात फेरफटका

लिनक्समध्ये ‘सी’ आणि ‘डी’ असे कप्पे दिसणार नाहीत. सर्व फाइली एकाच झाडाच्या फांद्यांवर असतात. त्या झाडाच्या मुळाचे चिन्ह म्हणजे एक तिरपी रेघ. तुमच्या फाइली ‘होम’ या फांदीवर, तुमच्या नावाच्या डहाळीवर असतात. नवे साधन हवे असेल तर ते कोठूनही उतरवू नका. वितरणाचे स्वतःचे भांडार असते. त्यातील साधनांवर सही असते आणि ती जुळल्याशिवाय साधन बसत नाही. लिहिण्यासाठी लिब्रे ऑफिस, भूमितीसाठी जिओजेब्रा, आकाश पाहण्यासाठी स्टेलॅरियम ही सर्व विनामूल्य आहेत.

‘टर्मिनल’ नावाच्या काळ्या खिडकीला भिऊ नका. तेथे आज्ञा लिहून द्यायच्या असतात, एवढेच. मात्र अर्थ न कळता कोणाचीही आज्ञा उतरवून चालवू नका. ‘आर’ आणि ‘एम’ या दोन अक्षरांची आज्ञा फाइल पुसते, आणि ती कचरापेटीतही सापडत नाही.

मराठी लिहिण्यासाठी कळफलकाच्या मांडणीत ‘मराठी इन्स्क्रिप्ट’ निवडा. तिची रचना मोठी सुबक आहे. व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला, मात्रा डाव्या हाताला. ‘तुळजापूर’ लिहून पाहा. त्यासाठी क्रमाने एल, जी, शिफ्टसह एन, पी, ई, एच, टी, जे ही बटणे दाबायची. त, ळ, ज, प, र उजव्या हाताने आणि तिन्ही मात्रा डाव्या हाताने, असे दोन्ही हात आळीपाळीने चालतात.

करून पाहा

१. ‘सिस्टिम मॉनिटर’ उघडून किती रॅम वापरात आहे ते लिहा. मग ब्राउझर उघडा, त्यात एक, तीन, पाच पाने उघडून दर वेळी नोंद घ्या आणि आलेख काढा. जुना संगणक मंद का होतो, याचे उत्तर आलेखात सापडेल.

२. उतरवलेल्या फाइलची ‘शा-२५६’ ओळ काढा. मग एका छोट्या लेखी फाइलची ओळ काढा, तिच्यातील एकच अक्षर बदला आणि पुन्हा काढा. किती चिन्हे बदलली?

३. त्याच जुन्या संगणकावर स्टेलॅरियम बसवा. स्थान म्हणून धाराशिव निवडा आणि ध्रुवतारा क्षितिजापासून किती अंश वर आहे ते पाहा. उत्तर सुमारे १८ अंश येईल, कारण धाराशिवचा अक्षांश तेवढाच आहे. आता रात्री अंगणात या, उत्तरेकडे तोंड करा आणि हात लांब करून मूठ धरा. मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. क्षितिजापासून दोन मुठींहून थोडे खाली तुम्हाला तो तारा सापडेल. कापडाखाली झाकलेल्या संगणकाने सांगितलेले उत्तर खरे की नाही, हे तुम्हीच आकाशात पडताळून पाहा.