तिथी चुकलेल्या माणसाची कैफियत

वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जिल्ह्याच्या कोषागारातील कायम कारकुनी सोडून, पाठीवर एक खाकी हॅवरसॅक आणि खिशात एक वही घेऊन मी कोकणचा किनारा पायी उतरण्यास निघालो. त्या दिवशी आमच्या वयोवृद्ध हेडक्लार्कांनी माझा राजीनामा बारनिशीत चढवता चढवता म्हटले होते की, ज्याला बायकामुले नाहीत आणि सोसायटीचे कर्जही नाही, त्याने नोकरी सोडण्यात धाडस कसले, तो एका अर्जाचा मजकूर आहे. हे बोलणे मला तेव्हा फार झोंबले. आज त्यांचे म्हणणे मला पुरते पटते. किंबहुना त्यांनी माझी बाजू थोडी उदारपणेच मांडली असे वाटते. कारण माझी ट्रंक अक्काच्या माळ्यावर होती, माझ्या विम्याचा हप्ता तिचे यजमान भरत होते, माझे नाव तिच्या रेशनकार्डावर होते, आणि नातलगांत ‘वाया गेला’ असा जो माझा लौकिक झाला होता, त्याची उत्तरे देत बसण्याचे काम तिच्याच वाट्याला आले होते. अशा भक्कम बंदोबस्तानिशी मी मुक्त झालो होतो.

रेवसपासून तेरेखोलपर्यंत जायचे, शक्यतो पुळणीवरून जायचे, जेथे पुळण संपेल तेथे सड्यावर चढायचे, आणि खाडी आडवी आली की तरीने पलीकडे उतरायचे, एवढाच माझा बेत होता. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा नद्या ज्या किनाऱ्यावर एकामागून एक समुद्राला मिळतात, तेथे पायी चालणाऱ्याचा खरा मुलुख जमीन नव्हे, तर खाडीचे मुख होय, हे पहिल्या आठवड्यातच ध्यानात येते. त्या काळी पूल थोडे होते आणि तरी पुष्कळ होत्या. दापोलीच्या बाजूला मुरूड लागले तेव्हा, याच गावचे धोंडो केशव कर्वे लहानपणी सोबत्यांसह साताऱ्यापर्यंत परीक्षेसाठी चालत गेले आणि वय लहान दिसते म्हणून तेथून विन्मुख परतले, ही हकिकत मला आठवली. त्या चालण्याला त्यांनी साहस म्हणून मिरवले नाही आणि आत्मवृत्तात ते सरळ सांगून टाकले, याकडे मात्र त्या वेळी माझे लक्ष गेले नाही. माझे लक्ष माझ्या वहीकडे होते.

किनाऱ्यावरील माणसांचे एक जुने कोष्टक आहे. श्रीवर्धनला एका खारव्याने ते मला वाळूत बोटाने आकडे काढून शिकवले होते. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पुरी होण्याची सुमाराची वेळ तासांत मिळते. चतुर्थीस तीनला, अष्टमीस सहाला, द्वादशीस नऊला पाणी भरते, आणि पुढे सहा तासांनी ते पुरते उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण येते, आणि अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ परस्परांस काटकोनात पडते म्हणून भांगाचे, म्हणजे कमी चढउताराचे पाणी असते. कोष्टक भरवशाचे आहे, मात्र ते वापरणाऱ्याला तिथी ठाऊक असली पाहिजे. 1981 सालच्या पौषात, शुद्ध पक्षात, एका दुपारी मी एका खाडीच्या मुखाशी पोचलो तेव्हा माझ्या हिशेबाने द्वादशी होती, म्हणजे तीन वाजता पाणी तळाला असावयास हवे होते. प्रत्यक्षात नवमी होती. एकट्याने चालताना वार आणि तिथी हातातून किती सहज निसटतात हे ज्याने अनुभवले नाही त्याला माझे म्हणणे खोटे वाटेल. पण बोलायला माणूस नसले की कालगणनाही ढिली पडते. कुणाच्याही ओटीवर डोकावून भिंतीवरचे ‘कालनिर्णय’ पाहिले असते तरी भागले असते. तेही राहो, त्या क्षणी मान वर केली असती, तर पूर्वेला माडांच्या डोक्यावर अर्ध्याहून किंचित मोठा चंद्र दिवसाढवळ्या उभा होता. द्वादशीचा चंद्र इतका अर्धवट नसतो आणि तीन वाजता इतका वर आलेलाही नसतो.

तर सुमारे अर्धा मैल वर होती, परंतु पायी उतरण्याचा अभिमान मला आडवा आला. खाडीला त्या ठिकाणी दोन फाटे असून मध्ये वाळूचा दांडा होता. पहिला फाटा कमरेएवढ्या पाण्यातून ओलांडून मी दांड्यावर चढलो आणि दुसऱ्यात उतरलो, तो पायाखालची वाळूच सरकू लागली. म्हणून मागे फिरलो, तेव्हा पहिला फाटा छातीच्या वर गेला होता. त्यानंतरचे तीन तास मी त्या आकसत चाललेल्या दांड्यावर उभा होतो. मला भय वाटले. किती वाटले, तर कुलदैवताला नवस बोललो, अक्काला मनातल्या मनात पत्र लिहिले, आणि अखेर ओरडू लागलो. पावणेसातच्या सुमारास पाणी माझ्यापासून चार हातांवर येऊन थबकले, ते केवळ भांगाचे होते म्हणून. पौर्णिमेचे उधाण असते, तर हा लेख लिहिण्याचा प्रसंगच आला नसता.

माझे ओरडणे ऐकून तरीवाला काठावर आला. तरीच्या मक्त्याच्या शर्तीप्रमाणे सूर्यास्तानंतर तर बंद असे. त्याने हाक घालून सांगितले की, पाणी आता चढणार नाही, जागा सोडू नका, मध्यरात्रीनंतर चालत या, मी काठावर थांबतो. हा सल्ला सर्वस्वी शहाणपणाचा होता. मी तो मानला नाही. मी हात जोडले, पैशांचे आमिष दाखवले, आजारी असल्याचे खोटेच सांगितले. आणि शेवटी माझ्या रडवेल्या आवाजाला कंटाळून म्हणा किंवा कळवळून म्हणा, त्याने होडी सोडली. त्या रात्री त्याच्या पडवीत पेज पिऊन मी गोधडीत झोपलो, आणि सकाळी त्याने पैसे घेतले नाहीत.

आता माझ्या दुसऱ्या चुकीकडे येतो, जी कोणत्याही पंचांगाने टळली नसती. परतल्यावर मी हा प्रसंग एका दिवाळी अंकासाठी लिहिला. लेखात मी दांड्यावर चांदण्यात निवांत बसलो होतो, चराचराशी एकरूप वगैरे झालो होतो; आणि तो तरीवाला, ज्याच्या गावी सरकारचे घड्याळ आणि कायदेकानू नव्हते, असा एक आदिम दर्यावर्दी, गाणे गुणगुणत काळोखातून माझ्याकडे आला होता. (काळोख नव्हताच, चंद्र डोक्यावर होता. पण वाक्याला काळोखच शोभत होता.) माझी विनवणी मी गाळली, कारण तीत माझी शोभा नव्हती. गावाचे आणि खाडीचे नाव मात्र घातले, कारण त्याने लेखाला अस्सलपणा येत होता. संपादकांनी 75 रुपये मानधन पाठवले. मी मोठ्या कृतज्ञबुद्धीने एक अंक तरीवाल्याला टपालाने धाडला. त्याला वाचता येत नव्हते, म्हणून त्याच्या सातवीतल्या मुलीने तो धक्क्यावर, तरीची वाट पाहणाऱ्या उतारूंसमोर, मोठ्याने वाचून दाखवला.

उतारूंत कोण होते आणि तरीवाल्याविरुद्ध अर्ज कुणी केला, ते कळण्यास मार्ग नाही. मक्त्यावर डोळा असणारा कुणीतरी असावा असा माझा तर्क आहे. शर्तभंगाची चौकशी लागली, अनामत जप्त झाली आणि नव्या सालचा मक्ता दुसऱ्याकडे गेला. मला हे वर्षभराने, सहज म्हणून त्या वाटेने गेलो असता, त्याच्या बायकोकडून कळले. तो स्वतः हर्णैला ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला होता. मी तत्काळ कचेरीत गेलो आणि सविस्तर कैफियत लिहून दिली की, दोष माझा आहे, मीच त्याला भाग पाडले. तेथील कारकुनाने, म्हणजे माझ्याच जातकुळीच्या एका माणसाने, माझा छापील लेख दप्तरातून काढून शेजारी ठेवला, दोन्ही मजकूर वाचले, आणि अत्यंत अदबीने विचारले, “साहेब, यातले खरे कोणते धरायचे?” अर्ज दफ्तरी दाखल झाला. अनामतीएवढी रक्कम मी तरीवाल्याच्या बायकोच्या हाती ठेवू लागलो, तेव्हा ती म्हणाली की घरी मालक नाहीत, आणि तिने दार लोटून घेतले.

म्हणून आडवळणाच्या वाटेने जगू पाहणाऱ्या, आणि त्या जगण्याचे लेख करू पाहणाऱ्या तरुणांना मी जे सांगतो, त्यात समुद्राविषयीचा भाग थोडा असतो. तो असा की, गावात शिरल्याबरोबर तिथी विचारावी, खाडीपाशी पोचल्यावर तरीवाल्याला विचारावे, आणि त्याने थांबा म्हटले की थांबावे. पुढचा मुक्काम कोणता ते मागच्या मुक्कामी सांगून ठेवावे, आणि रोज नाही तरी आठवड्याला एक पोस्टकार्ड घरी टाकावे. नोकरी सोडणाऱ्याने वर्षाचा खर्च अगोदर बाजूला काढावा, आणि आपली ट्रंक कुणाच्या माळ्यावर आहे ते विसरू नये. बायकांना ही वाट अधिक अवघड आहे. माझ्या भटकण्याला लोक फार तर छंद म्हणत किंवा खूळ म्हणत. माझ्या एका भाचीने तेच केले, तेव्हा नातलगांची सभा भरली. तिला उपदेश करण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही.

लिहिण्याविषयी मात्र अधिक बोलावेसे वाटते. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी 1857 च्या धामधुमीत उत्तरेकडे जाऊन जे पाहिले, ते 1883 च्या सुमारास लिहून काढले, आणि ‘माझा प्रवास’ या नावाने ते छापून निघाले 1907 मध्ये, गोडसे भटजींच्या पश्चात. त्यामागे राजकोपाचे भय होते हे सर्वश्रुत आहे. आम्हांला पूर्वी हे भय पुरातन आणि थोडे हास्यास्पद वाटे. पण पाहणे आणि छापणे यांच्यामध्ये अर्धशतक जाऊ देणाऱ्या त्या भिक्षुकाचे व्यवहारज्ञान माझ्यापेक्षा पुष्कळच सरस होते; छापलेला शब्द कुणाच्या हाती जातो याची त्याला कल्पना होती, आणि मला मानधनाची होती. प्रवासात भेटलेला माणूस आपल्याला जेवू घालतो तेव्हा तो आपल्याशी बोलत असतो, आपल्या वाचकांशी नव्हे. तो आपल्यासाठी नियम मोडतो तेव्हा तर त्याची गोष्ट आपली राहतच नाही. अशा वेळी गाव बदलावे, खाडी बदलावी, आणि तरीही ओळख पटत असेल तर वही मिटावी. आपले भय मात्र सगळे लिहावे. माझे मी लपवले नसते, तर त्याची दया लेखात दया म्हणूनच उतरली असती आणि चौकशी करणाऱ्यालाही तशीच वाचावी लागली असती.

त्यानंतरही मी चाललो आणि लिहिले. जन्मभराची सवय एका पश्चात्तापाने सुटत नाही. त्या खाडीवर पुढे पूल झाला आणि तरीचा प्रश्नच निकालात निघाला. तरीवाला म्हातारपणी गावी परतला. त्याने मला क्षमा केली की नाही, ते मी विचारले नाही आणि तो बोलला नाही. पण मी गेलो की पडवीत घोंगडी पसरली जाते. त्याची ती मुलगी आता गावातच बालवाडी चालवते. हा लेख मी तिच्याकडे आधी पाठवला. तिने तो बापाला वाचून दाखवला आणि उत्तरी कळवले की, आबांनी होडी वल्ह्याने आणली नव्हती, बांबूने रेटत आणली होती. ते वाक्य मी गाळले आहे. आणखी एक मजकूर छापू नये असे आबांचे म्हणणे पडले, तेव्हा तोही काढला आहे.