पाइप फिरतो, ज्योत सरकते

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात डोकावलात, तर एकमेकांना काटकोनात जोडलेले लोखंडी पाइप तुम्हाला दिसतील. एक पाइप दुसऱ्याच्या अंगावर नीट बसायचा, तर त्याचे टोक सपाट कापून भागत नाही. सपाट टोक गोल अंगावर दोनच ठिकाणी टेकते, बाकी सगळीकडे फट राहते. ती वेल्डिंगने बुजवता येते खरी, पण तेथे जोड कच्चा राहतो. आणि पाइपमधून दाबाखालची वाफ जाणार असेल, तर ती नेमकी कच्ची जागा शोधून काढते. म्हणून टोक वक्र कापावे लागते.

हा वक्र कसा असतो? प्रथम सोपा प्रकार घेऊ. जाड मेणबत्तीला कागदाचा एकच वेढा द्या आणि धारदार सुरीने कागदासकट ती तिरपी कापा. (मेणबत्ती मोडत असेल तर सरळसा मुळा चालेल. सुरी मात्र मोठ्या माणसाच्या हाती द्या.) आता कागद उलगडा. कापलेली कड सरळ नसून लाटेसारखी दिसेल. त्रिकोणमितीत भेटणारा साइन वक्र तो हाच! फिटर मंडळी याच्या उलट करतात. कागदावर वक्र काढून तो पाइपला गुंडाळायचा, खडूने खूण करायची, गॅस कटरने हाताने कापायचे आणि मग ग्राइंडर घेऊन कड जुळेपर्यंत घासत बसायचे. कसबाचे काम आहे, पण वेळ फार खाते.

यंत्राने हेच करायचे तर दोन गती पुरतात. पाइप चकमध्ये धरून स्वतःभोवती फिरवायचा आणि टॉर्च पाइपच्या लांबीने पुढेमागे सरकवायची. टॉर्चमधून निघतो तो प्लाझ्मा, म्हणजे इतका तापलेला वायू की त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होऊन तो वीज वाहू लागतो. बारीक छिद्रातून दाटून आलेल्या या झोताचे तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंशांचा, हे लक्षात घेतले म्हणजे पोलाद लोण्यासारखे का कापले जाते ते कळते.

पण झोताला एक अट असते: वेग ठरलेला हवा. टॉर्च घाईने गेली तर पोलाद आरपार कापले जात नाही. रेंगाळली तर चीर रुंद होते व कडेला वितळलेले लोखंड चिकटते. खरी मेख येथेच आहे.

समजा, पाइपचा व्यास १४० मिमी आहे. परीघ झाला ४४० मिमी. योग्य वेग मिनिटाला २,२०० मिमी असेल, तर सरळ काप घेताना पाइप १२ सेकंदांत एक फेरा करील. आता काटकोनी वळण बनवण्यासाठी तोच पाइप ४५ अंशांत तिरपा कापायचा आहे. उलगडलेल्या लाटेच्या शिखरावर व तळाशी टॉर्च जवळजवळ सरकतच नाही. मधल्या चढावर मात्र पाइपचा पृष्ठभाग जितका फिरतो तितकीच ती सरकते. पाइप त्याच गतीने फिरत ठेवला, तर पायथागोरसच्या नियमाने तेथे झोताचा पृष्ठभागावरील वेग २ च्या वर्गमूळपट, म्हणजे मिनिटाला सुमारे ३,१११ मिमी होईल. काप अर्धवट राहणार! म्हणून चढावर फिरणे आणि सरकणे दोन्ही १,५५६ मिमीवर आणावे लागते व शिखराजवळ फिरण्याचा वेग पुन्हा वाढवावा लागतो. सारा काप सुमारे ५३५ मिमी लांबीचा, त्याला साडेचौदा सेकंद लागतात.

हा मेळ संगणक घालतो. अशा अंकीय नियंत्रणाचे यंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ साली दाखवले गेले. ते तीन अक्षांवर चालणारे मिलिंग यंत्र होते. आजचा नियंत्रक दर सेकंदाला शेकडो वेळा, काही तर हजार वेळा, दोन्ही मोटरींना पुढचे स्थान सांगतो. मोटरीला जोडलेला एन्कोडर ती खरोखर कोठे पोहोचली हे कळवतो आणि पडलेला फरक लगेच भरून काढला जातो. अचूकता किती हवी? आपल्या पाइपवर फिरण्यात ०.१ अंशाची चूक म्हणजे परिघावर ०.१२ मिमी. ६०० मिमी व्यासाच्या पाइपवर तीच चूक किती होईल, हे तुम्हीच काढा.

आता सुरुवातीच्या काटकोनी जोडाकडे येऊ. दोन्ही पाइप सारख्याच व्यासाचे असतील, तर उलगडलेला वक्र दोन कमानींचा होतो आणि कमानी जेथे मिळतात तेथे टोकदार कोपरे येतात. कोपऱ्यावर टॉर्चला एका क्षणात उलटे फिरायला हवे. न्यूटनचा दुसरा नियम म्हणतो, त्यासाठी अनंत बल लागेल! म्हणून नियंत्रक घाटातल्या एसटी चालकासारखा पुढचे वळण आधीच पाहतो व वेग उतरवत आणतो. कधी टॉर्च टाकाऊ भागात पुढे जाऊन, तेथे वळसा घेऊन परत येते. वेगही टिकतो आणि कोपराही धारदार राहतो.

वेल्डिंगसाठी कड उतरती हवी असेल तर टॉर्च कलती करण्याचे आणखी एक-दोन अक्ष लागतात. कललेल्या झोताला अंतर जास्त कापावे लागते: ४५ अंशांत १० मिमी जाडीची होते सुमारे १४ मिमी. म्हणजे योग्य वेग पुन्हा बदलला.

शिवाय पाइप कधीच पुरता गोल व सरळ नसतो. टॉर्च आणि पाइप यांतील अंतर वाढले की ज्योतीचा विद्युत्‌दाब वाढतो; तो मोजून यंत्र टॉर्च खालीवर करते. युक्ती नामी आहे, पण ती फसतेही. कोपऱ्यावर वेग उतरला की चीर रुंदावते, ज्योत लांबते, दाब वाढतो, आणि टॉर्च उंच गेली असे समजून यंत्र तिला खाली दाबते. ती पाइपवर आपटू शकते. म्हणून वेग उतरताच उंचीचे हे नियंत्रण काही क्षण गोठवून ठेवतात, आणि टॉर्चने पुन्हा वेग धरल्यावरच ते सुरू होते.