भरतीचे पाणी आणि शहराचे पाणी

मुखेड तालुक्यातील वाचकाला समुद्र दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ऑगस्ट २०२५ मध्ये अतिवृष्टी होऊन लेंडी प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातील हसनाळ, रावणगाव आदी गावांत पाणी शिरले व मनुष्यहानीही झाली. खालच्या अंगाला पाणी तुंबले म्हणजे वरून येणाऱ्या पाण्याला वाट उरत नाही, हे त्या परिसरातील लोकांना निराळे समजावून सांगावयास नको. किनाऱ्यावरील शहरांत पाणी असे तुंबविण्याचे काम समुद्राची भरती दिवसातून दोनदा करते.

मुंबईतील पर्जन्यजलवाहिन्यांची जुनी रचना ताशी सुमारे २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, गृहीत धरून केलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मुखेडसारख्या तालुक्यात सबंध वर्षात साधारण एवढाच पाऊस पडतो. त्यातच दुपारी भरतीची वेळ होती. वाहिन्यांची मुखे समुद्राच्या पाण्याखाली गेली आणि शेकडो लोक प्राणास मुकले.

विहार व पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत वाहणाऱ्या मिठी नदीला पूर्वी दोन्ही काठांवर पसरावयास दलदलीची जमीन होती. भराव घालून तेथे वस्त्या, रस्ते व वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. नदी राहिली, तिचे अंगण गेले. तिवरांची झाडे पावसाचे पाणी पिऊन टाकतात, असा एक समज आढळतो. तो यथार्थ नव्हे. त्यांची मुळे लाटांचा व प्रवाहाचा वेग मोडतात आणि गाळ धरून ठेवतात. जेथे तिवरे आहेत तेथे पाण्याला विसावण्यास मोकळी जागाही शिल्लक असते, आणि खरा लाभ या जागेचाच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरांच्या तोडीस मनाई केली. २०१२ मध्ये राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला.

नवी मुंबईची उभारणी करताना सिडकोने निराळा मार्ग पत्करला. सखल भागांत धारण तलाव खोदून त्यांच्या मुखाशी झडपा बसविण्यात आल्या. भरतीत झडपा मिटतात, शहराचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटी लागताच खाडीत उतरते. योजना साधी व उत्तम. परंतु तलाव म्हटला की गाळ आलाच. तो वेळच्या वेळी न काढल्याने काही तलावांतच तिवरे उगवली. आता गाळ उपसावा तर संरक्षित झाडे जातात आणि झाडे राखावीत तर पाणी साठविण्याची जागा घटते. या पेचातून सुटण्यासाठी झाडांना हात लावण्यापूर्वी उच्च न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरते. पावसाळा मात्र त्यासाठी थांबत नाही.