स्प्रिंग बदलण्याआधी गाडीखाली वाका

सेकंडहँड हॅचबॅक घरी आली तेव्हा तिच्या चारही स्प्रिंगा आधीच्या मालकाने बदललेल्या होत्या. मूळच्यापेक्षा आखूड आणि कडक. चाक आणि मडगार्डमधली फट बुजल्यामुळे गाडी दिसायला झकास. शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर तर स्टिअरिंग जरा हलवलं की वळायची. तिचा खरा स्वभाव कळला ताम्हिणी घाटात. चौघं माणसं, डिकी भरलेली, उतारावरचं वळण आणि ऐन वळणात डांबराचं ठिगळ. मागून ठक्‌ असा आवाज आला आणि गाडीचं बूड बाहेरच्या बाजूला सरकलं. वेग बेताचा होता, समोरून कोणी येत नव्हतं, म्हणून निभावलं.

गॅरेजमध्ये गाडी वर घेतली तेव्हा मागच्या शॉकअपच्या दांड्यावरचा फोमचा ठोकळा, म्हणजे बंप स्टॉप, कुरतडल्यासारखा झाला होता. मिस्त्री म्हणाला, “साहेब, मागे माणसं बसली की ही गाडी स्प्रिंगवर चालतच नाही, ह्या ठोकळ्यावर चालते.” आखूड स्प्रिंगमुळे चाकाला वर जायला जागाच उरली नव्हती. ओझं पडलं की ठोकळा टेकायचा, मागची बाजू एकदम दगडासारखी व्हायची आणि खडबडीत वळणावर टायर रस्त्यावरून उडायचा. टायर हवेत असेल तर कसली पकड आणि कसलं काय!

कडक म्हणजे वळणावर चांगली, हा समज म्हणूनच अर्धवट आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून १२ मिलिमीटरची तार १३ ची केली, की स्प्रिंग जवळपास ३८ टक्के कडक होते. काही जण सरळ ग्राइंडरने वेटोळं कापतात. सहा चालत्या वेटोळ्यांतलं एक गेलं की कडकपणा २० टक्के वाढतो आणि स्प्रिंगचं टोक बैठकीत नीट बसत नाही ते वेगळंच. असलं काही कोणी सुचवलं तर गाडी घेऊन निघा.

रोजच्या गाडीचं अंग स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा झुलतं. आकडा दोनच्या पुढे गेला की मणक्याला कळतं. शिवाय मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जलद झुलायला हवी, कारण उंचवटा पुढच्या चाकांना आधी लागतो आणि मागच्यांना ती उशिराची भरपाई करायची असते. मॉरिस ओली या अभियंत्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत मोटारींवर प्रयोग करून हे मांडलं. त्यामुळे फक्त पुढची किंवा फक्त मागची जोडी मनाला येईल तशी बदलली, तर स्पीडब्रेकर ओलांडल्यावर गाडी डुलत राहते.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाड्यांत आणखी एक भानगड आहे. गाडी फार खाली बसवली की खालचे आर्म चाकाकडे चढते होतात आणि ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा झपाट्याने खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे वळणावर गाडीला कलवणारा जोरही वाढतो. कडक स्प्रिंगने जे कमावलं, त्यातलं बरंच तिथेच खर्ची पडतं.

तेव्हा स्प्रिंग निवडण्याआधी मागे कोण बसतं आणि डिकीत काय जातं ते बघा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर रिकाम्या आणि भरल्या गाडीत टेपने मोजा. शॉकअपचा दांडा उघडा दिसत असेल तर त्यावर प्लास्टिकची टाय घट्ट बांधून नेहमीच्या रस्त्याने फिरून या. टाय सरकत बंप स्टॉपपर्यंत पोचली असेल तर आणखी आखूड स्प्रिंगचा विचारही नको. पुष्कळदा स्प्रिंगचा दोष नसतोच. शॉकअप गळालेले असतात, बुश फाटलेले असतात किंवा टायरमध्ये हवा जास्त असते. आधी ते तपासा, स्वस्तात सुटाल. स्प्रिंग कडक घेतलीच तर तिची उसळी आवरणारा शॉकअपही त्याच जोडीचा हवा. जुन्या शॉकअपवर ती गाडीला उडवत राहते. वेटोळ्यांत ठोकून बसवायचे रबरी बफर मला पटत नाहीत. ते एक वेटोळं निकामी करतात आणि सगळा ताण शेजारच्यांवर टाकतात.

मी मूळच्या मापाच्या स्प्रिंगा आणि नवे शॉकअप घातले. काम झाल्यावर अलाइनमेंट हवंच, ते सगळेच सांगतात. कोणी सांगत नाही ते असं: गाडी जॅकवर लटकलेली असताना आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले, तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेतच अडकतात आणि लवकर फाटतात. गाडी चाकांवर उतरवून मगच शेवटचा आवळा द्यायला लावा. खाली शिरायला जागा नाही म्हणून गॅरेजवाला कुरकुर करेल, करू द्या.