घरी खाऱ्या पाण्याची छोटी मत्स्यपेटी : नवशिक्यांनी घ्यावयाची काळजी



घाटंजीसारख्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावीही खाऱ्या पाण्यातील मासे पाळता येतात. मात्र पाणी, क्षार, तापमान आणि हवा हे सर्व आपणच सांभाळावे लागते. हा छंद आहे. उत्पन्नासाठी जोडधंदा करावयाचा असेल, तर गोड्या पाण्यातील गप्पी, मोली यांच्या पैदाशीपासून सुरुवात करावी.

प्रवाळ विकत घेऊ नये

प्रवाळ हा दगड नसून सजीव आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांचा समावेश झाला. त्यामुळे कोणी प्रवाळ किंवा समुद्रातून फोडून आणलेले 'जिवंत दगड' देऊ केले, तरी ते घेऊ नयेत. मालवणजवळच्या समुद्रात प्रवाळ आहेत. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. प्रवाळ तेथेच शोभतात. पेटीत कृत्रिम सच्छिद्र दगड रचावेत.

पेटी व पाणी

पेटी जितकी लहान तितके पाणी लवकर बिघडते. म्हणून ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद व सव्वा फूट उंच पेटी घ्यावी. दगड रचल्यावर तीत सुमारे १०० लिटर पाणी मावते. भरलेल्या पेटीचे वजन दीड क्विंटलच्या आसपास जाते, म्हणून बैठक भक्कम असावी.

बोअरचे पाणी वापरू नये. ते बहुधा जड असते. जिल्ह्याच्या काही भागांत त्यात फ्लोराईडही आढळते. आरओ यंत्राचे पाणी घ्यावे. स्वयंपाकाचे किंवा जनावरांचे मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम व इतर क्षारही असतात. मत्स्यपेटीसाठी तयार मिळणारे सागरी मीठ दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला साडेतीन किलो लागते. मीठ वेगळ्या प्लास्टिकच्या टाकीत विरघळवावे. हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ असावे. तांब्याचा गुंड किंवा हंडा मुळीच वापरू नये. तांब्याचा अंश कोळंबी-शिंपल्यांना मारक ठरतो.

जिवाणूंना वेळ द्यावा

शेतात युरिया टाकल्यावर त्याचा अमोनिया होतो आणि जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात, हे आपण जाणता. पेटीत माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांचे असेच होते. अमोनिया व नायट्राइट माशांना विषारी आहेत. म्हणून मासे सोडण्यापूर्वी फिल्टर व हवेचा पंप चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे. चार ते सहा आठवड्यांत जिवाणू वाढतात. तपासणी संचात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासे आणू नयेत. शेतातील नायट्रेट पीक उचलते. पेटीत पीक नसल्याने ते साचते. त्यासाठी दर आठवड्याला १० लिटर पाणी बदलावे.

मासे

पहिला पाहुणा म्हणून काळा मोली चांगला. आठवडाभरात थोडा थोडा क्षार वाढवल्यास तो खाऱ्या पाण्यात राहतो. त्यानंतर क्लाऊनफिशची एक जोडी आणावी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशाच्या कृत्रिम प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. त्यामुळे समुद्रातून पकडलेल्याऐवजी पैदास केंद्रातील मासा मागावा. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे.

उन्हाळा, वीज आणि फवारणी

पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअस असावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो, म्हणून पेटी थंड खोलीत ठेवावी व पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा. पाणी फार तापल्यास बर्फाची बंद बाटली तरंगत ठेवावी. वाफ होऊन पाणी कमी होते, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून आटलेले पाणी भरताना साधे आरओचे पाणी घालावे, खारे नव्हे. वीज गेल्यास हवा चालू राहावी यासाठी बॅटरीवरचा पंप जवळ असावा.

कपाशीवर फवारणी करून आल्यावर आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय पेटीत हात घालू नये. पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकाचा अल्प अंशही मासे व कोळंबी मारतो. त्याच खोलीत मच्छर अगरबत्ती लावू नये. हवेचा पंप खोलीतील हवाच पाण्यात सोडतो.

वापरलेले पाणी

बदललेल्या १० लिटर पाण्यात सुमारे ३५० ग्रॅम क्षार असतात. हे पाणी शेतात, झाडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. सोडियममुळे काळी जमीन चिवट व चोपण होते. ते सांडपाण्याच्या नालीत सोडावे. नको झालेले मासे नदी-तलावात सोडू नयेत.

ही तयारी करण्यास दोन महिने लागतात. तेवढा धीर असेल तरच पेटी घ्यावी. पेरणीआधी मशागत करतो, तसेच येथे माशाआधी पाणी तयार करावे लागते.