निजलेल्या माणसाचे काय होते?
(कुटुंबांत व वर्गांत शिकविण्यासाठी एक धडा)

मनुष्य आपल्या आयुष्याचा सुमारे तिसरा हिस्सा निजण्यात घालवितो. तथापि त्या वेळी आपल्या देहात काय चालते ह्याचा विचार फार थोडे लोक करितात. निजणे म्हणजे वेळ फुकट दवडणे, असे कित्येकांस वाटते. ह्या समजुतीमुळे घरोघरी किती अन्याय होतो हे पाहून आम्ही हा धडा लिहीत आहो.

ठाणे स्टेशनाच्या पूर्वेस, खाडीच्या बाजूस कोपरी आहे. खाडीवर मासेमारी करणाऱ्यांची झोप भरती-ओहोटीच्या हाती असते; भरती दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, त्यामुळे त्यांची निजण्याची वेळही सरकत जाते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली उतारूंची आगगाडी ठाण्यास आली, आणि पुढे येथील लोक गाडीच्या वेळेवर उठू लागले. आज अशा वस्तीतील एकाच खोलीत एक जण पहाटेच्या लोकलसाठी उठतो, दुसरा रात्रपाळी करून येऊन अंथरुणावर पडतो, आणि मुलांचा अभ्यासही तेथेच चालतो. तेव्हा झोपेचे ज्ञान अशा घरास किती अगत्याचे आहे हे सांगावयास नको.

१. झोप का येते?

झोप येण्याची मुख्य कारणे दोन. पहिले असे की, मेंदूच्या तळाशी, जेथे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींस ओलांडितात त्याच्या किंचित वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो देहाचे घड्याळ होय. डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावरून तो दिवस-रात्र ओळखितो. अंधार पडला म्हणजे त्याच्या इशाऱ्याने मेंदूतील एक ग्रंथी मेलॅटोनिन नावाचा रस रक्तात सोडू लागते, आणि देह निजावयास सिद्ध होतो. दुसरे कारण असे की, आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते व डोळे जड होतात. चहा त्या द्रव्याची वाट काही तास अडवितो. थकवा मात्र तसाच राहतो. म्हणून रात्री घेतलेला चहा झोप उडवितो.

२. झोपेच्या पायऱ्या

जर्मनीतील हान्स बर्गर ह्या वैद्याने १९२४ साली मनुष्याच्या मेंदूतील विजेच्या लहरी प्रथम टिपिल्या. त्यामुळे निजलेल्याच्या मेंदूचे काम पाहता येऊ लागले. पुढे १९५३ साली अमेरिकेत शिकागो येथे ॲसेरिन्स्की व क्लाइटमन ह्यांनी दाखवून दिले की, झोपेच्या काही भागांत मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हालतात, आणि त्या वेळी उठविलेला मनुष्य बहुधा स्वप्न सांगतो.

झोप एकसारखी नसते. प्रथम हलकी, मग गाढ, आणि नंतर स्वप्नांची, असा फेरा सुमारे ९० मिनिटांत पुरा होतो. रात्रीतून असे चार-पाच फेरे होतात. पूर्वरात्री गाढ झोप अधिक असते, पहाटेस स्वप्नांची.

३. देहात व मेंदूत चालणारे काम

गाढ झोपेत नाडी मंद होते, श्वास संथ चालतो, रक्तदाब उतरतो व अंगाची उष्णता थोडी कमी होते. मुलांची वाढ करणारा रस ह्याच वेळी पुष्कळ सुटतो. रोगाशी झगडण्याची देहाची शक्तीही पुऱ्या झोपेवर अवलंबून आहे.

मेंदू तर मुळीच स्वस्थ नसतो. दिवसा शिकलेले तो पुन्हा चाळितो व पक्के करितो. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलास जागविणारे आईबाप त्याचे पाठांतरच कच्चे करितात. २०१३ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, झोपेत मेंदूतील पेशींमधील जागा रुंदावते व तेथील मळ द्रवाबरोबर अधिक वेगाने वाहून जातो. ह्याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप वाद चालू आहे.

४. छातीवरचे ओझे

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही विशेषेकरून लेखणी उचलिली ती सांगतो. स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडितो, नाहीतर आपण स्वप्नातील धावणे अंथरुणातच धावलो असतो. श्वास व डोळे तेवढे चालू राहतात. कधी कधी असे होते की मन जागे होते, पण स्नायू जागे होत नाहीत. एखादी सून पहाटे डोळे उघडते. तिला हात हालविता येत नाही, ओरडता येत नाही, छातीवर कोणी बसले आहे असे वाटते, कोपऱ्यात काळी आकृतीही दिसते. काही क्षणांत, फार तर थोड्या मिनिटांत, हे आपोआप ओसरते. अपुरी झोप, वेळी-अवेळी निजणे आणि उताणे पडणे ह्यांमुळे असे अधिक होते.

ह्यात भूत नाही, करणी नाही, आणि त्या बाईचा काही दोषही नाही. असे असता कित्येक ठिकाणी तिला देवऋषीकडे नेतात, मारितात, धुरी देतात. बंधूंनो, भूत काढण्याच्या नावाखाली मारणे किंवा बांधणे हा महाराष्ट्रात २०१३ सालच्या कायद्याने गुन्हा आहे. तिला धीर द्यावा व पुरी झोप घेऊ द्यावी. असे वारंवार होत असेल, किंवा निजलेला मनुष्य मोठ्याने घोरत असता त्याचा श्वास मध्येच थांबत असेल, तर डॉक्टरास दाखवावे.

५. घरातील न्याय

प्रौढास निदान ७ तास, १३ ते १८ वर्षांच्या मुलांस ८ ते १०, व ६ ते १२ वर्षांच्या मुलांस ९ ते १२ तास झोप लागते. रात्रपाळी करून आलेल्यास दिवसा कुंभकर्ण म्हणून हिणविणे हा अन्याय होय. त्याची रात्र तेव्हाच सुरू झालेली असते. त्याच्या बाजूस जाड पडदा लावावा, आवाज हळू ठेवावा. सर्वांच्या मागून निजणारी व सर्वांच्या आधी उठणारी घरातील बाई हिच्या झोपेचाही हिशेब पुरुषांनी ठेवावा. निजण्यापूर्वी तासभर मोबाईल बाजूस ठेवावा, कारण त्याचा उजेड देहाच्या घड्याळास फसवितो.

१८४८ साली ठाण्यास जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळाली. विश्रांती हा श्रम करणाऱ्याचा हक्क आहे हे त्यांनी मालकांस पटविले. तोच हक्क आपण आपल्या घरातील माणसांस देतो काय, हे प्रत्येकाने आज रात्री दिवा मालविताना पाहावे.

विचारावयाचे प्रश्न
१. झोप येण्याची दोन कारणे कोणती?
२. स्वप्नाच्या वेळी हातपाय का हालत नाहीत?
३. छातीवर ओझे वाटलेल्या मनुष्याशी आपण कसे वागावे?
४. आपल्या घरात सर्वांत कमी झोप कोणास मिळते, व त्यास आपण काय साहाय्य कराल?