समतोल आहाराची परीक्षा किराणा यादीत

"काय खायचे नाही तेवढे सांगा, डॉक्टर." रक्तातील साखर वाढल्याचे कळले की बहुतेक रुग्ण हाच प्रश्न विचारतात. मी त्यांना आदल्या दिवशी काय खाल्ले ते विचारतो. उत्तरे एकमेकांसारखी असतात: सकाळी पोहे, दुपारी भाकरी-भाजी, भात व पातळ वरण, संध्याकाळी चहा-बिस्किटे, रात्री पुन्हा पोळी किंवा भात. यातील कोणताही पदार्थ विष नव्हे. दोष आहे तो प्रमाणात.

आपल्या अन्नात मुख्य घटक तीन. धान्य, साखर, बटाटा, साबुदाणा यांतून पिष्टमय पदार्थ मिळतात. ते शरीराचे इंधन होय, पण पचल्यावर त्यांची साखर होऊन ती रक्तात उतरते. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासे, मांस यांतून प्रथिने मिळतात. स्नायूंची बांधणी व झीज भरून काढणे हे त्यांचे काम. तिसरे स्निग्ध पदार्थ, म्हणजे तेल, तूप, शेंगदाणे, खोबरे. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शरीरात शोषली जाण्यासाठी त्यांची गरज असते. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिनातून ४ उष्मांक (कॅलरी) मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून ९.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणातील आहाराचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याला मिळणाऱ्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून, तर प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के येतात, असे त्यात दिसले. आणखी एक गोष्ट आपल्या विचारात भर घालणारी आहे. एकूण पिष्ट तेवढेच ठेवून नुसते धान्य बदलले, तर मधुमेहाचा धोका कमी आढळला नाही. पिष्टाचा थोडा वाटा डाळी किंवा दुधातील प्रथिनांना दिला, तर मात्र धोका कमी दिसला. म्हणजे चार पोळ्यांच्या जागी चार भाकऱ्या खाऊन काम भागत नाही. ज्वारी-बाजरीत तंतू व लोह आहे, ती जरूर खावी. पण एक भाकरी कमी करून तिच्या जागी वाटीभर उसळ आली पाहिजे.

मग प्रमाण किती असावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार २००० उष्मांकांच्या आहारात दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये (किंवा अंडी-मांस) ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, भाज्या ४०० ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असावे. सोपे करून सांगायचे तर तीन वाट्या धान्यामागे एक वाटी डाळ.

रोज तराजू घेऊन कोणी जेवत नाही. म्हणून मी किराणा यादी पाहायला सांगतो. घरात चार मोठी माणसे असतील तर महिन्याला धान्य सुमारे ३० किलो, सर्व डाळी व कडधान्ये मिळून १० किलो आणि तेल-तूप सव्वातीन किलो, हा हिशेब येतो. आपल्या यादीत डाळ तीन-चार किलो आणि तेल सहा-सात किलो असेल, तर समतोल कुठे बिघडला हे दुकानदाराच्या बिलावरच वाचता येईल. तेलाचा १५ किलोचा डबा अशा घरात साडेचार महिने पुरायला हवा. अंडी-मांस खाणाऱ्या घरात डाळ थोडी कमी चालेल.

या बदलाला खर्च फार नाही. मटकी, हुलगे, चवळी, हरभरा आपल्याच बाजारात मिळतात. वरण थोडे घट्ट करावे. पोह्यांत मोड आलेली मटकी घालावी. आठवड्यातून दोनदा पिठले करावे, पण तेलाचा हात आखडता ठेवावा. खिचडीत तीन वाट्या तांदळाला एक वाटी मूगडाळ घालावी. धान्यातील प्रथिनांत जे उणे असते ते डाळीतील प्रथिने भरून काढतात. शेंगदाण्यांत प्रथिने आहेत, पण त्यांचे जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते. तेव्हा मूठभर पुरे. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याऐवजी त्या दिवशी दूध, दही, ताक, फळे बरी.

एक गोष्ट घरातील कर्त्या मंडळींसाठी. अनेक घरांत बाई सर्वांच्या शेवटी जेवते. तेव्हा पातेल्यात उसळ उरलेली नसते, मग भाकरी आणि चटणीवर जेवण उरकते. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला रोज साधारण ४५ ग्रॅम प्रथिने लागतात, ती अशा जेवणातून मिळत नाहीत. वय वाढते तसे स्नायू झिजतात, जिना चढताना पाय थरथरतात, पडण्याचे भय वाढते. म्हातारपणी हीच अवस्था पुरुषांचीही होते. म्हणून वाढतानाच तिची वाटी बाजूला काढून ठेवावी.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी भाकरी-भात एकदम कमी केल्यास साखर फार उतरू शकते. त्यांनी आधी सल्ला घ्यावा, मग ताट बदलावे.

पुढच्या महिन्याची यादी लिहाल तेव्हा तेलाच्या आकड्यातून एक किलो वजा करा आणि कडधान्यांत दोन किलो मिळवा. सुरुवातीला एवढे पुष्कळ झाले.